हिरवा दिवा कशाच्या भरवशावर?

"सर्व्हर डाऊन आहे." सेतू केंद्राच्या रांगेत, रेशन दुकानातल्या ई-पॉस यंत्रापुढे, बँकेच्या काउंटरवर किंवा प्रवेशअर्जाच्या शेवटच्या दिवशी सायबर कॅफेत हे वाक्य कानावर पडलं नाही, असा माणूस महाराष्ट्रात शोधावा लागेल. ऐकणारा मुकाट्याने परत फिरतो, कारण पुढे विचारण्यासारखं काही उरत नाही. खरं तर विचारायला पुष्कळ आहे. डिस्क शंभर टक्के भरली असेल. मेमरी संपली म्हणून डेटाबेस बंद पडला असेल. वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत मध्यरात्री संपली असेल. किंवा सर्व्हर व्यवस्थित चालू असेल आणि रस्त्याच्या खोदकामात कुठेतरी फायबर तुटली असेल. काउंटरवरच्या माणसाला यातलं काही कळण्याची सोय नसते. पण त्या सर्व्हरची जबाबदारी ज्याच्याकडे आहे, त्याला मात्र दोन-चार मिनिटांत नेमकं कारण सापडलं पाहिजे.

त्यासाठी जे साधन बनवतात त्याला वेब डायग्नॉस्टिक कन्सोल म्हणतात. ब्राउझरमध्ये उघडणारं हे एक पान असतं आणि त्यावर एका होस्टची, म्हणजे सर्व्हर म्हणून चालणाऱ्या एका यंत्राची, सगळी हालहवाल दिसते. वरवर पाहता काम सोपं आहे. आकडे गोळा करायचे, आलेख काढायचे, मर्यादा ओलांडली की लाल रंग द्यायचा. इंजिनिअरिंगची हुशार मुलगी दिवाळीच्या सुट्टीत असं पान उभं करू शकते. मात्र असं पान आणि भरवशाचा कन्सोल यांत मोठं अंतर आहे. पडद्यावर जे दिसतंय ते खरं आहे, हे पाहणाऱ्याला कशावरून कळणार? कन्सोलच्या रचनेतले बहुतेक कठीण निर्णय या एका प्रश्नापाशी येऊन थांबतात.

सुरुवात आकड्यांपासून करू. लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरमध्ये कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, स्वतःची माहिती 'प्रॉक' नावाच्या फोल्डरमध्ये उघडी ठेवतं. हे फोल्डर डिस्कवर नसतंच. त्यातली एखादी फाइल वाचायला घेतली की कर्नल त्या क्षणी उत्तर तयार करून हाती देतं. चालू प्रोग्रॅमकडे फाइल म्हणून पाहण्याची ही कल्पना बेल लॅब्समध्ये टॉम किलियन यांनी १९८४ मध्ये मांडली. त्याच वर्षी विल्यम लेफेव्हर यांनी 'टॉप' हा प्रोग्रॅम लिहिला. यंत्रावर काय चाललं आहे हे पाहायला आजही अॅडमिनची बोटं आधी तीच तीन अक्षरं टाइप करतात. कन्सोल कितीही देखणा असला तरी त्याच्या पोटात बहुतेक वेळा हेच जुने झरे असतात.

पण हे आकडे जसेच्या तसे दाखवले तर ते फसवतात. सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण 'लोड अॅव्हरेज'चं. गेल्या एक, पाच आणि पंधरा मिनिटांतला भार सांगणारे हे तीन आकडे. रेल्वेच्या तिकीट खिडक्यांसारखा हा हिशेब आहे: खिडक्यांवर उभे असलेले आणि मागे रांगेत थांबलेले, सगळे मिळून किती? चार कोअरच्या यंत्रावर लोड ४ असेल तर चारही खिडक्या कामात आहेत आणि रांग नाही. लोड १२ असेल तर आठजण ताटकळत आहेत. इथवर सगळं सरळ वाटतं. मात्र १९९३ मध्ये लिनक्समध्ये एक बदल झाला. डिस्कची वाट पाहत असलेल्या, मध्येच उठवता न येणाऱ्या प्रक्रियाही या मोजणीत धरल्या जाऊ लागल्या. बदल करणाऱ्याचा विचार योग्य होता, कारण डिस्क मंदावली की यंत्राची कामं खोळंबतातच. परिणाम असा की नेटवर्कवरून जोडलेली एखादी डिस्क गोठली, तर लोड ४०-५० वर जातो आणि प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसलेला असतो. जुन्या टपालसूचीतून हा १९९३ चा बदल २०१७ मध्ये ब्रेंडन ग्रेग या कार्यक्षमता-तज्ज्ञाने शोधून काढला, तोवर कित्येक अनुभवी मंडळीही लोड म्हणजे प्रोसेसरचा भार असंच धरून चालत होती.

म्हणून चांगला कन्सोल लोडच्या आकड्याला एकटा सोडत नाही. त्याच्या शेजारीच किती प्रक्रिया प्रोसेसरसाठी थांबल्यात आणि किती डिस्कसाठी, हे दाखवतो. डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या लिनक्स ४.२० पासून तर कर्नल स्वतःच 'प्रेशर' नावाची मापं देतं. गेल्या दहा सेकंदांत, एका मिनिटात आणि पाच मिनिटांत प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांच्या टंचाईमुळे काम किती टक्के वेळ अडून राहिलं, हे त्यात वेगवेगळं मिळतं. यंत्र किती राबतंय यापेक्षा काम किती अडतंय हे कळणं निदानासाठी कितीतरी उपयोगाचं आहे. तरीही पुष्कळ तयार डॅशबोर्डांवर हा आकडा अजून मागच्या बाकावरच आहे.

मेमरीची कथा थोडक्यात. लिनक्स रिकामी मेमरी रिकामी ठेवत नाही. डिस्कवरून वाचलेल्या फाइलींची प्रत तिथे ठेवतं आणि कोणा प्रोग्रॅमने जागा मागितली की ती प्रत टाकून देतं. त्यामुळे एकूणातून 'फ्री' वजा करून 'वापरात' असा आकडा काढला तर निरोगी यंत्रही रोज ९५ टक्के भरलेलं दिसतं. हा गोंधळ मिटवण्यासाठी मार्च २०१४ मध्ये कर्नलने 'अव्हेलेबल' हा वेगळा अंदाज द्यायला सुरुवात केली. पट्टी काढायची ती याच आकड्याची. शिवाय मेमरी खरोखर संपली की कर्नल एखादी प्रक्रिया मारून टाकतं आणि लॉगमध्ये तशी ओळ लिहितं. रात्री डेटाबेस 'आपोआप' का बंद पडला, याचं उत्तर अनेकदा त्या एका ओळीत असतं. ती ओळ शोधायला लावू नये, आलेखावर त्या क्षणापाशी खूण करून दाखवावी.

डिस्कचंही तसंच. ९० टक्के भरली हे वाक्य १०० जीबीच्या डिस्कबद्दल काळजीचं असतं आणि १० टीबीच्या डिस्कबद्दल कदाचित नसतं. या वेगाने किती तासांत भरेल, हे कळायला हवं. कधी डिस्कवर जागा शिल्लक असते आणि तरी नवी फाइल बनत नाही, कारण लाखो चिमुकल्या सेशन-फाइलींनी आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलीसाठी लागणाऱ्या नोंदी, संपवलेले असतात. कधी मोठा लॉग डिलीट करूनही जागा मोकळी होत नाही, कारण एका प्रोग्रॅमने ती फाइल अजून उघडी धरलेली असते. अशा वेळी नवखा अॅडमिन भांबावतो. कन्सोल बनवणाऱ्याने या दोन्ही गोष्टी आधीच मोजून ठेवल्या असतील तर त्याचा अर्धा तास वाचतो.

सरासरी हा आणखी एक सापळा आहे. आठ कोअरपैकी एक कोअर पूर्ण अडकला आणि बाकीचे सात रिकामे असले, तर सरासरी येते १२.५ टक्के. पडदा शांत, वापरकर्ता हैराण. मिनिटातली पाच सेकंदं प्रोसेसर पूर्ण भरला तर मिनिटाची सरासरी आठ टक्क्यांच्या आसपास दिसते. म्हणून सरासरीसोबत कमाल आकडाही साठवावा आणि प्रत्येक कोअर निराळा दाखवावा. प्रतिसादाच्या वेळेबाबत तर सरासरी देऊच नये. शंभरातल्या सर्वांत हळू पाच विनंत्यांना किती वेळ लागला, ते सांगावं. तक्रार घेऊन येणारा माणूस त्या पाचांतलाच असतो.

हे आकडे ब्राउझरमध्ये आणण्याची धडपड जवळजवळ वेबइतकीच जुनी आहे. १९९४ मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टरच्या डी मॉन्टफोर्ट विद्यापीठात टोबियास ऑटिकर काम करत होते. अख्ख्या विद्यापीठाला इंटरनेटशी जोडणारी लाइन एकच, तीही सेकंदाला ६४ किलोबिटची. ती कधी किती भरते हे सगळ्यांना पाहता यावं म्हणून त्यांनी एक प्रोग्रॅम लिहिला. दर पाच मिनिटांनी तो राउटरकडून आकडा घेई आणि आलेखाचं चित्र वेबपानावर ठेवी. 'एमआरटीजी' या नावाने तो जगभर गेला. १९९९ मध्ये त्यांनीच 'आरआरडीटूल' काढलं. त्यातली साठवणीची फाइल कधी फुगत नाही. ताजे आकडे बारकाईने ठेवले जातात आणि जुने सरासरी करून आवरले जातात. निदानासाठी इतिहास लागतोच. आत्ता ८० टक्के या आकड्याला अर्थ येतो तो काल याच वेळी किती होता हे शेजारी दिसल्यावर. पुढे २०१२ मध्ये बर्लिनच्या साउंडक्लाउड कंपनीत आकडे गोळा करून साठवणारं प्रॉमिथियस सुरू झालं, २०१४ मध्ये टॉर्केल ओडेगार्ड यांचं आलेख दाखवणारं ग्राफाना आलं, आणि आज ही जोडी पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांपासून छोट्या स्टार्टअपपर्यंत सगळीकडे दिसते. एकाच होस्टवर बसून त्याचा कारभार दाखवणाऱ्या साधनांची परंपरा वेगळी: १९९७ चं वेबमिन आणि अलीकडच्या काळात रेड हॅटचं कॉकपिट.

आता त्या मुख्य प्रश्नाकडे येऊ. दिव्याने खरं सांगितलं नाही तर काय होतं, हे वेब सर्व्हर जन्माला येण्याआधी एका अणुभट्टीत दिसून गेलं होतं.

२८ मार्च १९७९ ची पहाट. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड प्रकल्पाच्या दुसऱ्या अणुभट्टीत दाब सोडणारी एक झडप उघडली आणि पुन्हा बंद व्हायच्या वेळी अडकून बसली. तिच्यातून भट्टी थंड ठेवणारं पाणी निसटत राहिलं. नियंत्रण कक्षातला दिवा मात्र झडप बंद असल्यासारखं दाखवत होता. दिव्याची वायरिंगच तशी होती. बंद होण्याचा आदेश गेला की दिवा बदलायचा. झडप प्रत्यक्ष कुठे आहे हे तो पाहतच नव्हता. पहिल्या काही मिनिटांत शंभराहून जास्त धोक्याच्या सूचना एकदम वाजू लागल्या आणि त्या गोंगाटात महत्त्वाची कोणती हे ओळखणं अशक्य झालं. पाण्याची ती गळती थांबायला दोन तासांहून जास्त वेळ गेला. तोवर भट्टीच्या गाभ्याचा मोठा भाग वितळायच्या मार्गाला लागला होता.

सर्व्हरच्या कन्सोलवर हीच चूक रोज होते. 'सर्व्हिस चालू' असा हिरवा ठिपका बहुधा एवढंच सांगतो, की प्रक्रिया सुरू करण्याची आज्ञा दिली होती आणि ती अजून मेलेली नाही. ती उत्तर देते का, हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून कन्सोलने वापरकर्त्यासारखा प्रश्न विचारून पाहिला पाहिजे. लॉगिनचं पान मागवावं, डेटाबेसला एक छोटी क्वेरी पाठवावी, उत्तर किती मिलिसेकंदांत आलं ते नोंदवावं, आणि मगच हिरवा रंग द्यावा.

बॅकअपच्या बाबतीत तर हे अक्षरशः जीवनमरणाचं ठरतं. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीत एक इंजिनिअर अडखळलेला दुय्यम डेटाबेस दुरुस्त करत होता. डेटाचं फोल्डर पुसण्याची आज्ञा त्याने दिली, पण ज्या खिडकीत दिली ती मुख्य डेटाबेसची होती. एक-दोन सेकंदांत त्याने ती थांबवली. तेवढ्यात सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच उरले. बॅकअप शोधायला गेल्यावर कळलं, की नेहमीचा बॅकअप घेणारा प्रोग्रॅम डेटाबेसच्या जुन्या आवृत्तीचा असल्यामुळे तो दर वेळी अयशस्वी होत होता. त्याबद्दलचे इशारे ई-मेलने पाठवले जात होते, आणि ती पत्रं तांत्रिक पडताळणीत नापास होऊन परत फिरत होती. नशिबाने सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली एक प्रत मिळाली. कंपनीने हे सगळं न लपवता जगापुढे मांडलं, दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं, याबद्दल तिचं कौतुक करायला हवं. कन्सोल बनवणाऱ्यांसाठी त्या अहवालात दोन ठोस गोष्टी आहेत. 'बॅकअपचं काम नेमलेलं आहे' असं दाखवण्यात अर्थ नाही. शेवटची प्रत कधी तयार झाली, किती मोठी आहे आणि ती उतरवून कधी पाहिली, हे दिसायला हवं. दुसरी गोष्ट म्हणजे आपण कोणत्या यंत्रासमोर बसलोय हे ठळक, वेगळ्या रंगात, प्रत्येक पानावर लिहिलेलं हवं. गिटलॅबने नंतर ठरवलेल्या सुधारणांच्या यादीत यंत्रांची ओळख स्पष्ट करण्याचं काम होतंच.

आणि कन्सोलच गप्प झाला तर?

१४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ओहायो राज्यात फर्स्टएनर्जी या वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात दुपारी सव्वादोनच्या सुमारास धोक्याची सूचना देणारं सॉफ्टवेअर अडकलं. ते बंद पडलं असं कुठेही दिसलं नाही. त्यानंतर नव्या सूचना येईनात, इतकंच. २ वाजून ४१ मिनिटांनी ते चालवणारा मुख्य सर्व्हर पडला, काम आपोआप राखीव सर्व्हरवर गेलं, आणि तेरा मिनिटांत तोही पडला. ऑपरेटरांचे पडदे एरवी एक ते तीन सेकंदांत ताजे व्हायचे, त्यांना आता ५९ सेकंदांपर्यंत वेळ लागू लागला. सर्व्हर पडल्याचा संदेश संगणक विभागाला पोहोचला होता, नियंत्रण कक्षातल्या लोकांना तो कोणी सांगितला नाही. बाहेर एकामागून एक उच्चदाब वाहिन्या झाडांना टेकून बंद पडत होत्या, आणि पडद्यावर शांतता होती. सव्वाचारपर्यंत अमेरिकेची आठ राज्यं आणि कॅनडाचा ओंटारिओ प्रांत यांतल्या सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. या घटनेची कारणं अनेक होती. तरी सूचना येत नाहीत म्हणजे सगळं ठीक आहे, ही समजूत त्यात मध्यभागी होती.

वेब कन्सोलला हा धोका दुप्पट असतो, कारण माहिती होस्टवरून निघून ब्राउझरपर्यंत येईतो वाटेत अनेक ठिकाणी अडकू शकते. होस्टवर आकडे गोळा करणारा एजंट मरतो आणि पानावर शेवटचा आकडा तसाच राहतो. वेबसॉकेटची, म्हणजे सर्व्हर आणि ब्राउझरमधली सतत उघडी राहणारी, जोडणी मध्येच तुटली तरी ब्राउझरला ते बराच वेळ कळत नाही. त्याच्या दृष्टीने जोडणी उघडीच असते, फक्त काही येत नाही. मागे पडलेला टॅब ब्राउझर मुद्दाम झोपवतो. क्रोमने २०२१ पासून पाच मिनिटांहून जास्त काळ लपलेल्या पानांचे टायमर मिनिटातून एकदाच चालवायला सुरुवात केली. म्हणजे जेवून आलेला माणूस टॅब उघडतो तेव्हा पहिल्या क्षणी दिसणारं चित्र शिळं असण्याची शक्यता खरी आहे.

यावर उपाय अवघड नाहीत, फक्त ते पहिल्या दिवसापासून करावे लागतात. प्रत्येक आकड्यासोबत तो कधी मोजला त्याची वेळ यायला हवी. दोन-तीन फेऱ्या चुकल्या की तो आकडा फिका व्हावा आणि शेजारी 'चार मिनिटांपूर्वीचा' असं लिहिलेलं यावं. आलेखात जिथे माहिती नाही तिथे रेघ तुटलीच पाहिजे. दोन टोकं जोडून मधली पोकळी झाकणारा आलेख खोटं बोलतो. हिरवा, पिवळा, लाल यांच्याबरोबर 'माहीत नाही' ही चौथी अवस्था हवी आणि तिचा रंग करडा असावा. कित्येक तयार साधनं माहिती नसताना शून्य दाखवतात. शून्य चुका आणि चुकांची माहिती नाही या दोन वाक्यांत किती फरक आहे, हे ओहायोतल्या त्या दुपारने दाखवून दिलं. एजंटकडून दर थोड्या वेळाने 'मी आहे' असा ठोका यावा आणि तो चुकला तर तीच सर्वांत मोठी बातमी मानावी. प्रॉमिथियसची रचना इथे चांगली आहे. ते स्वतः होस्टकडे जाऊन आकडे मागतं, त्यामुळे उत्तर न मिळणं हीदेखील एक नोंद होते.

मग कन्सोल राहावा कुठे? २८ फेब्रुवारी २०१७ ला अॅमेझॉनच्या एस-३ या साठवण सेवेत एका आज्ञेतला एक तपशील चुकीचा टाइप झाला आणि उत्तर व्हर्जिनियात ठरवल्यापेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर काढले गेले. अनेक वेबसाइट कोलमडल्या. सेवांची स्थिती सांगणारं अॅमेझॉनचं स्वतःचं पान मात्र जवळजवळ दोन तास बदलता आलं नाही, कारण ते पान चालवणारी यंत्रणाच एस-३ वर अवलंबून होती. कंपनीने तशी कबुली दिली आणि तोवर ट्विटरवरून खुलासे केले. ज्याची तपासणी करायची त्याच्याच खांद्यावर उभं राहून ती करता येत नाही. होस्टवरच बसणारा कन्सोल बारीक निदानासाठी उत्तम, पण होस्ट जिवंत आहे का हे सांगायला दुसऱ्या यंत्रावर, शक्य तर दुसऱ्या नेटवर्कवर, एक छोटा पहारेकरी हवाच. चांगल्या प्रतीच्या सर्व्हरमध्ये तर मदरबोर्डवर स्वतंत्र छोटा संगणक असतो, बीएमसी. १९९८ च्या आयपीएमआय मानकापासून तो सर्वत्र रुळला. मुख्य यंत्र पूर्ण गोठलं तरी तो तापमान, पंख्यांचा वेग आणि वीजपुरवठ्याची स्थिती सांगू शकतो, बाहेरून रीस्टार्टही करू शकतो. कन्सोलने त्याची माहिती जोडून घेतली तर गोठलेल्या यंत्राबद्दलही काही खरं सांगता येतं.

होस्टवर जे बसवायचं त्याने होस्टला त्रास देता कामा नये. आधीच दम लागलेल्या यंत्रावर दर सेकंदाला शेकडो फाइली वाचणारा एजंट हा स्वतःच तक्रारीचं कारण होतो. कॉकपिटची एक गोष्ट म्हणूनच आवडण्यासारखी आहे. कोणी पान उघडेपर्यंत ते चालूच नसतं. विनंती आली की उठतं, काम संपलं की बंद होतं. प्रवेशासाठीही ते वेगळे पासवर्ड साठवत नाही. यंत्रावरचीच खाती वापरतं.

सुरक्षेचा मुद्दा इथेच येतो. यंत्राची सगळी अंतर्गत माहिती ब्राउझरमध्ये उघडी करणं म्हणजे नवं दार काढणं. ऑगस्ट २०१९ मध्ये उघड झालं, की वेबमिनच्या १.८९० ते १.९२० या आवृत्त्यांत चोरवाट होती. मूळ कोडमध्ये ती नव्हती. वेबमिनचं पॅकेज जिथे तयार व्हायचं त्या यंत्रात कोणीतरी शिरून ती घुसवली होती. १.९३० आवृत्तीत ती काढली गेली. वेबमिन रूट, म्हणजे सर्वोच्च, अधिकाराने चालतं, त्यामुळे अशा चोरवाटेतून आलेल्याच्या हाती पूर्ण यंत्र जातं. यातून रचनेसाठी जे घ्यायचं ते स्पष्ट आहे. पाहण्याचा भाग आणि बदल करण्याचा भाग वेगळे ठेवावेत. पाहणाऱ्या भागाला फक्त वाचण्याचा अधिकार असावा. कन्सोलचा पोर्ट उघड्या इंटरनेटवर ठेवू नये, व्हीपीएनच्या मागे ठेवावा. आणि रीस्टार्टसारखं बटण असेल तर ते दाबल्यावर यंत्राचं नाव टाइप करायला लावावं. कोणी, कधी, काय केलं याची नोंद त्या यंत्राबाहेर साठावी.

शेवटी हे सगळं पाहणार कोण? रात्री दोन वाजता फोनच्या आवाजाने उठलेला, चष्मा शोधत असलेला, कदाचित पाच इंचांच्या मोबाइलवर पान उघडणारा माणूस. त्याच्यासाठी चाळीस आलेखांची भिंत निरुपयोगी आहे. वर एक ओळ हवी: काय बिघडलंय, केव्हापासून, त्याआधी काय बदललं. पुष्कळदा उत्तर त्या तिसऱ्या भागात असतं, कारण संध्याकाळी कोणीतरी नवी आवृत्ती टाकलेली असते. वेळेबाबत भारतात एक खास काळजी घ्यावी लागते. सर्व्हरचं घड्याळ बहुधा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असतं आणि आपण साडेपाच तास पुढे असतो. लॉगमध्ये २०:३५ लिहिलेली घटना इथल्या घड्याळात मध्यरात्रीनंतर दोन वाजून पाच मिनिटांची असते. अर्धवट झोपेत हा हिशेब चुकतो, तारीखही चुकते. कन्सोलने दोन्ही वेळा सोबत दाखवाव्यात. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे लोक प्रत्येक मोठ्या टीममध्ये असू शकतात, म्हणून रंगाबरोबर आकार आणि शब्दही हवेत. आणि ज्या सूचनेवर कोणी काहीच करणार नाही, ती सूचना पाठवूच नये. थ्री माइल आयलंडच्या कक्षात शंभर घंटांनी जे केलं, तेच व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज येणारे दोनशे अलर्ट करतात: सगळे मिळून एकही ऐकू येत नाही.

सहकारी बँका, महाविद्यालयं, नगरपालिका, छोटे रुग्णालयसमूह आज असे कन्सोल विकत घेतात किंवा बनवून घेतात. दाखवायला येणारा विक्रेता देखणा पडदा आणि सरकते आलेख दाखवतो. अशा वेळी रंगांवर न भुलता, बिल चुकवण्याआधी त्याच्यासमोर एक चाचणी नक्की घ्या. होस्टवरचा एजंट बंद करायला सांगा, मग नेटवर्कची केबल काढायला सांगा, मग डिस्क मुद्दाम भरायला सांगा. प्रत्येक वेळी घड्याळ लावून पाहा, की किती सेकंदांत हिरवा रंग जातो आणि त्याच्या जागी खरं कारण येतं. एजंट बंद करूनही पाच मिनिटं पडदा हिरवाच राहिला, तर तो कन्सोल घेऊ नका.